बत्तीस गोळ्यांची चौकशी

अकोला,
मंगळवार, ७ जानेवारी २०२५

बाई,
सप्रेम जय भीम.

हातात मोबाइल असताना सख्ख्या बहिणीला पत्र कशाला, असं तू म्हणशील. एक तर रेल्वेच्या डाकेत चौतीस वर्षं सॉर्टिंग केलं, त्यामुळे महत्त्वाचं काही असलं की हात पाकिटाकडेच जातो. दुसरं म्हणजे फोनवर तू बोलतेस ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं, आणि ही गोष्ट दीक्षाच्या कानावर इतक्यात जायला नको.

तुझ्या शेजारच्या गोदाबाईंचा मुलगा धर्मेंद्र, हे स्थळ नांदगाव खंडेश्वरच्या नत्थुजींनी आणलं ते तुला माहीतच आहे. डिसेंबरात मायलेक येऊन मुलगी पाहून गेले. दीक्षाने आजवर सात स्थळांना नाही म्हटलं. पोलिसात लागल्यापासून तर तिच्यासमोर बसायला मुलंच घाबरतात. या मुलाशी ती अंगणात पाऊण तास बोलली आणि आत येऊन म्हणाली, "बाबा, मला चालेल." एकोणतीस वर्षांची, आई नसलेली पोर पहिल्यांदा हो म्हणाली. त्या दिवशी मला आनंदाने जेवण गेलं नाही.

पण मनात एक खुटखुट राहिली आहे. मी विचारलं, काम काय करता? म्हणाला, घरूनच, कॉम्प्युटरवर, हैदराबादच्या कंपनीसाठी. म्हटलं, म्हणजे नेमकं काय? तर तो आईकडे पाहू लागला आणि आई कपातल्या चहाकडे. मग म्हणाला, "वस्तूंची मॉडेल बनवतो, काका." कोणत्या वस्तू, ते काही सांगितलं नाही. सरळ काम करणारा माणूस सरळ सांगतो.

तुझी आणि त्यांची भिंतीला भिंत आहे. घरात जाऊन विचारू नकोस, ते बरं दिसत नाही. चौकशी करतात तशी कर. किराणावाला, गल्लीतल्या बाया, घरी येणारंजाणारं कोण, एवढं बघ. दीक्षा वर्दीतली मुलगी आहे. जावयापायी तिच्या नोकरीला डाग लागला तर मी स्वतःला माफ करणार नाही.

तुझा,
पंजाब


अमरावती,
१२ जानेवारी

पंजाब,
जय भीम. पाकीट भेटलं. पिन कोडाच्या शेवटच्या तीन आकड्याईखाली तू अजून बी रेघ मारूनच राह्यला. नोकरी सुटून सहा वर्षं झाले, रेघ काई सुटली नाई तुही.

चौकशी केली. किरानावाला भगवंत म्हने, पोरगा सिधा हाय, बिडी नाई, सुपारी नाई. गल्लीतली जयवंता म्हने गर्विष्ठ हाय, पन जयवंताले सारेच गर्विष्ठ वाटते. मले तो रस्त्यात दिसला की वाकून नमस्कार करते. गॅसचं सिलिंडर चढवून देते. अंगनवाडीत मी पोरं पाह्यले तीस वर्षं, मले पोरगं पाहून कळते.

पन एक सांगतो. पोरगा तोंडाचा गोड हाय, पन त्याची खोली तोंड उघडत नाई. खिडकीले काळा पडदा, भर दुपारी बी. आतून खट खट आवाज येते. टिनाच्या पेटीची कडी कोनी लावते आन् काढते, असा. एकसारखा, पन्नास डाव. इतके डाव कोन पेटी उघडते बाप्पा?

आन् परवा मी गच्चीवर मुंगवड्या घालून राह्यली होती, तं तो त्याच्या गच्चीवर फोनवर बोलत होता. शब्द न् शब्द लिहितो. "मॅट एकोणपन्नासच्या दोन पाठवल्या, तिसरी शुक्रवारी देतो. पहिलीचा घोडा अडकत होता, तो नीट केला." मले पह्यले वाटलं, चटया विकते का काय. पन चटईले घोडा कुठला?

तू पोलिसाचा बाप होय. तूच सांग.

चतुराबाई


अकोला,
१५ जानेवारी

बाई,
जय भीम.

घोडा म्हणजे बंदुकीचा चाप. आणि तुझ्या चटया मी मोबाइलवर शोधल्या. मॅट-४९ ही फ्रान्सच्या सैन्याची बंदूक आहे, एकोणीसशे एकोणपन्नास सालची. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. फोटो पाहिला, काळी, आखूड, दिसायला अगदी साधी. खाली खूप काही लिहिलं होतं. शेवटी कसल्या कसल्या खेळांची नावं होती, ती मी वाचली नाहीत.

दीक्षाला आडून विचारलं, की हल्ली घरात बसून कोणी बंदूक बनवू शकतं का? ती म्हणाली, एक बंद खोली आणि थोडी अवजारं असली की पुरे, आम्ही धरले आहेत तसले. मग माझ्याकडे बघत राहिली. "का विचारता, बाबा?" म्हटलं, पेपरात वाचलं. पोटच्या पोरीशी खोटं बोललो.

आणखी पाहा. पार्सल काय येतं, कुठून येतं, कोण नेतं. पण कुठे बोलू नकोस.

पंजाब


अमरावती,
२१ जानेवारी

पंजाब,
सोमवारी कुरियरवाला आला. मी वड्या उलटवायच्या निमित्तानं गच्चीवरच होती. पोरानं खोकं उनात आनून फोडलं. आतून निंगाली हातभर लांब, काळी चीज. दांडी मांगं ओढली का लांब होते. खाली जे गोळ्याईचं नळकांडं लोंबते ना, ते त्यानं बोटानं दाबलं आन् पुढं पोटाखाली दुमडलं. पुन्हा उघडलं. पुन्हा दुमडलं. लहान लेकरू नवं खेळनं पायते तसा पाहून राह्यला होता. हासत होता, पंजाब. मले त्या हासन्याचंच भेव वाटलं.

मंग फोन आला. "बत्तीसच गोळ्या बसतात, चाळीस करू नका." मंग म्हने, "किती गोळ्यांत माणूस मरतो ते तुम्ही ठरवा, माझं काम बंदूक देण्याचं."

मी वड्या तशाच टाकून खाली आली. गोदाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. मले म्हने, "चतुराबाई, अकोल्यावाल्याईचं काई समजलं का हो? पोरगं रोज इचारते." काय सांगू मी तिले? तोंड फिरवून घरात आली.

तू मातर आता थांब. चार दिवस दम धर. मी एकडाव त्या खोलीत जाऊन स्वता पायतो. हे गच्चीवरून पायनं बरं नाई.

चतुराबाई


अकोला,
३ फेब्रुवारी

बाई,
जय भीम.

आता काही पाहू नकोस. विषय संपला. गोदाबाईंना मी पत्राने कळवलं आहे की मुलीला इतक्यात लग्न करायचं नाही, आपण दुसरीकडे पाहावं. दीक्षाला सांगितलं, त्यांच्याकडूनच नकार आला. जेवताना तिने दोनदा मीठ मागितलं, आणि मीठ तिच्या ताटातच होतं.

गेल्या आठवड्यात बडनेऱ्याला आलो होतो, जुन्या लोकांच्या भेटीला. उशीर झाला म्हणून तुझ्याकडे येता आलं नाही. राग मानू नकोस.

माझी ही सगळी पत्रं फाडून टाक.

पंजाब


अमरावती,
८ फेब्रुवारी

पंजाब,
पत्रं मी फाडत नसतो. आन् बडनेऱ्यावरून माह्यं घर ऑटोनं पंधरा मिन्टं, तिथवर येऊन तू बहिनीकडे आला नाई? ते राहू दे. आता बसून वाच.

मी गेली त्या खोलीत. डाळीची वाटी घेऊन सरळ आत घुसली आन् म्हनलं, "धर्मेंद्र, मले तुही बंदूक दाखव." पोरगं उठलं. मंग पडदा सारला आन् खुर्ची दिली.

काई नाई रे तिथं. टेबल, दोन मोठे टीव्हीसारखे पडदे, आन् भितीवर बंदुकीच्या फोटोचे कागदच कागद. तो गेमा बनवनाऱ्या कंपनीसाठी बंदुका काढते. काढते म्हंजे चित्र नाई, सारी बाजूनं फिरते अशी, पडद्यातच. व्हिएतनामच्या जंगलात फ्रेंच शिपायाची लढाई झाली म्हने सत्तर वर्षांखाली, त्यावर गेम हाय. त्या शिपायाच्या हातात हे मॅट-४९. हिच्यापायी तो तीन महिने बसला हाय. ते काळं खोकं म्हंजे पिलास्टिक, पुन्याहून बनवून आनलं, दुमडते कसं ते हातानं समजाव म्हनून. मी उचललं, माह्या लाटन्याहून हलकं.

दोन पाठवल्या म्हंजे दोन फायली. घोडा अडकला तो पडद्यावर. खट खट म्हंजे त्याच्या मायच्या टिनाच्या पेटीची कडी, गोळ्याईचं नळकांडं बसवायचा आवाज पायजे म्हनून रेकॉर्ड करत होता. आन् मानूस किती गोळ्याईत मराव, ते कंपनी ठरवते. दोन गोळ्याईत मेला तं खेळनारे दुसरी बंदूक घेतच नाई, सात लागल्या तं हिले कोनी हात लावत नाई. असं तोलून मापून मारतात बाप्पा.

मी इचारलं, ते दुमडनं खेळात कामी पडते का? म्हने नाई, आत्या, खेळताना कोनीच दुमडत नाई, कंपनीनं बी नको म्हनलं. म्हनलं, मंग काहून करतं? तं म्हने, खऱ्या बंदुकीत हाय ना. शिपाई चालताना दुमडून ठेवत होते. आन् जगात कुठं तरी एक मानूस बसला असते, त्याले एक खिळा चुकला तरी दिसते.

तुले सांगतलं काहून नाई, तेबी इचारलं. याच्या आंधी दोन स्थळं 'गेम' आयकूनच उठून गेले. म्हनून माय म्हने, वस्तू म्हन. एवढंच लपवलं त्याईनं.

पंजाब, आपुन चौकशीत साऱ्या गावाले इचारलं, फक्त ज्याची चौकशी त्याले सोडून. चूक माही बी हाय. पन मी तुले थांब म्हनलं होतं. आता गोदाबाईले पत्र टाक, माफी माग, आन् पोरीले खरं सांग. अजून काई बिघडलं नाई.

चतुराबाई


अमरावती,
१७ फेब्रुवारी

पंजाब,
नऊ दिवस झाले, तुह्यं उत्तर नाई. आता मले समजलं काहून नाई.

शुक्रवारी पोलीस आले. दोघं. मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी लावली, सारे दारात. त्याईनं कॉम्प्युटर नेला, पिलास्टिकची बंदूक नेली, भितीवरचे कागद काढून नेले. पोरगं समजावून सांगत होतं, ते म्हने ठान्यात सांगा. दिवसभर बसवून ठेवलं. त्याचं काम पोचवायची तारीख निंगून गेली, कंपनीनं दुसऱ्याले दिलं. जयवंता आता लेकराईले त्या घरासमोरून जाऊ देत नाई.

गोदाबाईनं हात जोडून इचारलं, कोनी सांगतलं तुमाले? तं हवालदारानं निनावी अर्ज काढला आन् वाचला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. तुह्यासारखं शुद्ध लिहिलं होतं सारं. मधातच एक वाक्य आलं. "मुलगा तोंडाचा गोड आहे, परंतु त्याची खोली तोंड उघडत नाही."

हे वाक्य माह्यं होय, पंजाब. बारा जानेवारीले, माह्या ओट्यावर बसून, मी फक्त तुले लिहिलं होतं.

हात गोदाबाईच्या खांद्यावर होता, आन् पोलीस माह्याच तोंडचं वाचत होते. मी तिथं काई बोलली नाई. आतापरेंत नाई बोलली. मले लाज वाटते, तुही कमी आन् माही जास्त.

चतुरा


अकोला,
२२ फेब्रुवारी

बाई,

मीच लिहिला अर्ज. डाव्या हाताने, फुलस्केप कागदावर. अकोल्याचा शिक्का दिसू नये म्हणून बडनेऱ्याला येऊन तिथल्या पेटीत टाकला. चौतीस वर्षांत निनावी पत्रं हातातून हजारो गेली असतील, लिहिणाऱ्यांची मला नेहमी कीव यायची.

तू थांब म्हणाली होतीस. मला वाटलं, थांबलो आणि उद्या तो पकडला गेला, तर दीक्षाला वरिष्ठ विचारतील, तुमच्या घरी येणंजाणं होतं, तुम्ही का कळवलं नाही. आधीच कळवलेलं बरं. आणि नाव दिलं तर तिचंच नाव निघेल. असं सगळं मी शहाण्यासारखं जुळवलं. तुझं आठ तारखेचं पत्र आलं तेव्हा मी अर्ज परत कसा मिळेल याचाच विचार करत बसलो. पेटीत पडलेलं पत्र परत मिळत नाही, हे मीच लोकांना खिडकीतून सांगायचो.

आता एकच मागतो. हे आपल्या दोघांत राहू दे. दीक्षाला कळलं तर ती मला उभं करणार नाही. मुलाचा कॉम्प्युटर परत मिळेलच, त्यात काही सापडणार नाही. सगळं आपोआप शांत होईल.

पंजाब


अमरावती,
२६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय पंजाबराव काका,
जय भीम.

माझं पत्र पाहून आश्चर्य वाटेल. मी याआधी कोणाला हाताने पत्र लिहिलेलं नाही, चुका असतील तर माफ करा.

काल कॉम्प्युटर परत मिळाला. साहेबांनी गेम स्वतः उघडून पाहिला आणि हसले. काम गेलं ते गेलं, पण कंपनीने पुढच्या गेमसाठी विचारू असं म्हटलं आहे. आई अजून बाहेर ओट्यावर बसत नाही.

मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. ठाण्यात मला तो अर्ज आणि त्याचं पाकीट समोर ठेवून विचारलं, हे अक्षर ओळखता का? अक्षर मी ओळखलं नाही. पण पाकिटावर पिन कोडच्या शेवटच्या तीन आकड्यांखाली एक रेघ होती, डावीकडून थोडी वर चढत गेलेली. तुमचं नकाराचं पत्र आमच्याकडे आलं, त्याच्या पाकिटावरही तशीच रेघ आहे. दिवसभर खिळे आणि रेघाच पाहायचं माझं काम आहे, त्यामुळे मला ते लगेच दिसलं.

मी साहेबांना नाही म्हणून सांगितलं. आईला सांगितलं नाही. चतुरा आत्या चार दिवस आमच्याकडे डबा पाठवत आहेत आणि माझ्याकडे बघत नाहीत, त्यांनाही काही विचारलं नाही.

दीक्षाचा नंबर माझ्याकडे आहे. डिसेंबरात तुमच्या अंगणात मी तिला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं होतं की मी गेमसाठी बंदुका बनवतो. तिने विचारलं होतं की मॅट-४९ ला सेफ्टी कुठे असते. मी म्हटलं, मुठीच्या मागे, हाताने घट्ट धरल्याशिवाय ती सुटतच नाही. ती म्हणाली, हे बरं आहे. तिने तुम्हाला हे सांगितलं नसेल, कारण निघताना माझ्या आईने तिलाही गप्प राहायला सांगितलं होतं.

मी तिला फोन केलेला नाही. तिला जे सांगायचं ते तुम्ही सांगावं, असं मला वाटतं. मी सांगितलं तर ती तुमच्यावर रागावेल. तुम्ही सांगितलं तरी रागावेल, पण तो राग वेगळा असेल.

आपला,
धर्मेंद्र


अकोला,
गुरुवार, ६ मार्च

बाई,
जय भीम.

धर्मेंद्रचं पत्र सोबत जोडलं आहे, वाच. मी ते तीन दिवस उशीखाली ठेवलं. त्या मुलाने ठाण्यात बसून मला वाचवलं, आणि मी त्याला बंदुका विकणारा ठरवत होतो. अंगणातल्या त्या पाऊण तासात दीक्षाला सगळं ठाऊक झालं होतं. आठ पावलांवर बसलेल्या मुलीला विचारायचं सोडून मी तुला गच्चीवर चढवलं.

रविवारी दीक्षाला सगळी पत्रं दिली. तुझी, त्याची, आणि माझ्याकडे असलेली त्या अर्जाची कच्ची प्रत. ती खाली बसून एकेक वाचत गेली. वाचून झाली, गठ्ठा नीट लावला, वर्दी घातली आणि ड्यूटीवर गेली. तीन दिवस डबा करून ठेवायची, माझा आणि तिचा, आणि निघून जायची. बाई, तिची आई गेली तेव्हासुद्धा घर इतकं गप्प नव्हतं.

काल संध्याकाळी तिने माझ्यासमोर फुलस्केप कागद ठेवला, वर पेन ठेवलं. म्हणाली, "बाबा, आता उजव्या हाताने लिहा." मी म्हटलं, बेटा, यात तुझी नोकरी गोत्यात येईल, तुझ्या बापाने खोटा अर्ज केला असं सगळीकडे होईल. म्हणाली, "होऊ द्या. त्यांच्या दारात गल्ली जमली होती, आपल्या दारात पण जमू द्या."

लग्नाचं विचारलं, तर म्हणाली, ते माझं आणि त्याचं, त्यात आता तुम्ही चौकशी करू नका.

सोमवारी तिची सुट्टी आहे. सकाळच्या गाडीने दोघं बडनेऱ्याला उतरतो. आधी ठाण्यात, मग तुझ्या दारावरून गोदाबाईंकडे. त्या घरात घेतील की नाही, ते त्यांनी ठरवायचं. तू ओट्यावर उभी राहा, म्हणजे मला पुढे पाऊल टाकता येईल.

अर्ज लिहिला. नाव, वय, निवृत्त सॉर्टर, अकोल्याचा पूर्ण पत्ता, सही. हाताने द्यायचा असला तरी सवयीने पाकिटात घातला आणि वर ठाण्याचा पत्ता लिहिला. पिन कोड लिहून झाल्यावर पेन थांबलं. दीक्षा बाजूला उभी राहून बघत होती. मग शेवटच्या तीन आकड्यांखाली मी रेघ मारली.

तुझा,
पंजाब